डावखुरी कानस

बाजारात माझ्या काकांना सगळे भिंगकाका म्हणायचे. लोक खिशाला पेन लावतात, तसं त्यांच्या खिशात भिंग असायचं. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर उघडून साफ करणं हे त्यांचं काम. पण लांबून माणसं यायची ती दुसऱ्याच कारणासाठी. गाडी आजोबांच्या वेळची, कंपनी कधीच बंद पडलेली, आणि कुणीतरी एखादा पितळी भाग ‘ओरिजिनल’ म्हणून गळ्यात मारलेला. तो खरंच कारखान्यातून आलेला, की मागाहून कुणी बनवलेला, हे काका सांगायचे.

त्यात जादू काही नव्हती. कुणी विचारलं तर ते समजावूनही द्यायचे. “कारखान्यात नंबर आधी ठोकायचे, मुलामा नंतर चढवायचे. म्हणून आकड्याच्या खाचेतही मुलामा असतो. नंतर ठोकलेल्या नंबरात आतलं पितळ उघडं पडतं. आणि हाताने ठोकलेले आकडे म्हणजे पोरांची रांग, एखादा तरी पुढेमागे असायचाच.” काकांनी लग्न केलं नाही. आई म्हणायची, “भाऊजींना मुलगी दाखवायची सोय नाही. तिच्या कानातल्या रिंगा काढून उलट्या करून बघतील.”

आमच्या घरात तळाच्या खोलीत बाबांची लेथ होती, धातू फिरवून कातायचं यंत्र. बाबा मोठे. आजोबा लवकर गेले, तेव्हा काकांना त्यांनीच वाढवलं, हाताला धरून धंद्यात आणलं. जे भाग कुठेच मिळत नाहीत, ते बाबा लेथवर करून द्यायचे. त्यांना डुप्लिकेट हा शब्द खपायचा नाही. “डुप्लिकेट म्हणजे लपवाछपवी. मी केला तो माझा भाग,” असं म्हणायचे, आणि नंबर कधी ठोकायचे नाहीत. बाबा डावखुरे. भाग तयार झाला की कडेची धार कानशीने मोडायचे, त्या कानशीच्या रेघा इतर कारागिरांच्या उलट दिशेला पडायच्या. हे भिंगाशिवाय दिसत नसे, आणि काकांशिवाय कुणी बघत नसे. संध्याकाळी बाबांनी केलेले भाग काका टेबलावर घेऊन बसायचे, एकेक बघायचे आणि सकाळी दुकानात न्यायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

एका दुपारी मी काकांचा डबा घेऊन दुकानात गेले, तेव्हा समोर एक निवृत्त मास्तर बसले होते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला काळाठिक्कर कार्बोरेटर. मास्तर हौशी माणूस, वडिलांची गाडी स्वतः दुरुस्त करायचे. बायकोला घेऊन बहिणीकडे निघाले होते. चढावर गाडीच्या पुढून धूर आला. मास्तरांच्या बाजूचं दार अडकलं, म्हणून त्यांच्या बायको आधी उतरल्या आणि धावत बॉनेट उघडायला गेल्या. आतून एकदम भडका आला. दोन्ही हात भाजले.

“कार्बोरेटर मीच बसवला होता,” मास्तर म्हणाले. “माझं काही चुकलं असेल तर सांगा. मला भिडेखातर सोडू नका. ती काही बोलत नाही, पण मला कळलं पाहिजे.”

काकांनी कार्बोरेटर उघडला. स्क्रू घट्ट होते, जोड नीट बसवलेले होते. मग त्यांनी पेट्रोल आत येतं तिथली छोटी पितळी सीट सोडवली. कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भांडं भरलं की एक सुई वर येऊन या सीटच्या भोकात बसते आणि पेट्रोल थांबतं. काकांनी ती उजेडाकडे धरली, पुसली, भिंगाखाली घेतली. बराच वेळ बघत राहिले. एवढा वेळ त्यांना कधी लागत नसे.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” ते म्हणाले. “भाग खराब होता. हे भोक मधोमध नाही, केसभर बाजूला गेलंय. सुई नीट बसली नाही, पेट्रोल वाहून खालच्या तापलेल्या नळीवर पडलं.”

“पण ओरिजिनल म्हणून घेतला होता. पेटीसकट.”

“पेटी ओरिजिनल असेल. नंबर मागाहून ठोकलाय.”

“मग केलाय कुणी?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला काहीच कळलं नाही.

“माझ्या दादाने,” ते म्हणाले. “नंबर त्याने नाही ठोकला. पण भाग त्याचाच.”

मास्तरांनी टॉवेलाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “बसवला तर मीच ना,” असं म्हणून उठले. कार्बोरेटर तिथेच राहिला.

तो भाग विकणारा पेटीवाला पलीकडच्याच गल्लीत बसायचा. जुन्या रिकाम्या पेट्या गोळा करून त्यात नवे भाग घालायचा, म्हणून त्याला ते नाव. काका तापाने अंथरुणावर होते तेव्हा तो थेट घरी येऊन बाबांकडून भाग घेऊन गेला होता. काकांनी जाब विचारला तर म्हणाला, “भाग ओरिजिनल आहे असं मी कधी म्हटलं? मी पेटी दाखवली.” त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. काका परत आले आणि डबा न उघडताच बसून राहिले.

घरी जेवणं झाली. आई ताटं उचलायला लागली, तेव्हा काकांनी ती सीट बाबांच्या हातावर ठेवली.

“दादा, हे बघ.”

बाबांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठा कडेवरून फिरवला. “माझी आहे.” मग करंगळीचं नख भोकाच्या कडेने फिरवलं, पुन्हा फिरवलं. “बाजूला गेलंय,” ते म्हणाले. “हे सुटलं कसं माझ्याकडून?”

काकांनी मास्तरांची हकिगत सांगितली. त्यांच्या बायकोच्या हातांचंही सांगितलं. मग काका म्हणाले, “तुला दिसत नाहीये, दादा.”

“तुला कधीपासून माहीत?”

काकांनी समोरचं पाण्याचं भांडं उगाच सरकवलं.

“भाऊजी?” आई म्हणाली.

“झाले बरेच दिवस. बिघडलेले भाग मी संध्याकाळी बाजूला काढत होतो. हा माझ्या हाताखालून गेला नाही.”

“म्हणजे मी करत होतो आणि तू फेकत होतास.”

“सगळे नाही,” काका म्हणाले.

ते असं का म्हणाले कोण जाणे. खरं होतं म्हणून म्हणाले असतील. बाबांचा चेहरा त्या दोन शब्दांनी जेवढा उतरला, तेवढा आगीच्या गोष्टीनेही उतरला नव्हता.

“लेथ बंद कर म्हणून मी तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?” काका म्हणाले.

“याच तोंडाने सांगायचं होतंस.”

बाबा खाली गेले. पितळेचा कीस झाडल्याचा आवाज आला, तेलाचा डबा उघडल्याचा आला. लेथ पुसून, तेल देऊन, चादरीने झाकून ते वर आले. नंतर त्यांना डॉक्टरांकडे नेलं तर डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय, गेलं ते परत येत नाही.

त्यानंतर बाबा काकांशी आईमार्फत बोलायचे. काका समोर बसलेले असताना, “त्याला विचार, भात हवाय का.” आई एकदा म्हणाली, “मी काय तुमच्या दोघांतली तार आहे का?” कुणी हसलं नाही.

दुकानात काकांचं काम चालूच होतं. हा खरा, हा खोटा, त्यांची नजर तशीच होती. पण भाग खोटा निघाला की पूर्वी ते म्हणायचे, दादा करून देईल. आता गिऱ्हाईक विचारायचं, “मग आता काय करू?” काका म्हणायचे, “गाडी उभी ठेवा.” लोक वैतागायचे. पण दुसऱ्या लेथवाल्याकडे काकांनी कुणाला पाठवलं नाही.

मग एका सकाळी बाबा आईला म्हणाले, “त्याला म्हणावं, मला मास्तरांकडे घेऊन जा.”

मीही गेले. मास्तरांच्या बायकोच्या हातांची पट्टी निघाली होती. कातडी ओढल्यासारखी, बोटं ताठ. चहाचा कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला, मास्तरांनी खालून आधार दिला. बाबांनी येताना काहीतरी मनात जुळवलं असावं, ते त्यांना आठवेना.

“तो भाग मी केला होता,” एवढंच म्हणाले.

“यांनी सांगितलं मला.” त्या म्हणाल्या, “तुम्हाला दिसत नाही म्हणतात.”

“कडेकडेचं दिसतं. मधलं गेलं.”

“माझी मूठ मिटत नाही,” त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेले दोन पेशंट बोलतात तशी ती दोघं बोलत राहिली. कोणती गोळी, कोणतं मलम. निघताना मास्तर काकांना बाजूला घेऊन म्हणाले, “माझी चूक नाही म्हणालात. डोक्याला पटतं हो. तिला कप धरून देतो तेव्हा पटत नाही.”

परतताना रस्ता खणलेला होता. काकांनी बाबांचा दंड धरला.

“पुढे खड्डा आहे.”

“दिसतोय,” बाबा म्हणाले.

“दादा, दिसत नाहीये तुला.”

बाबा थोडं चालले. “नाही दिसत,” म्हणाले.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलायला लागले, पण कामापुरतंच. पायरी आहे, आमटी गरम आहे, दार लावून घे. संध्याकाळी काकांचं टेबल रिकामं असायचं, तरी ते सवयीने तिथेच बसायचे.

मध्यंतरी एक माणूस लेथ विकत मागायला आला. काकांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, “तू ठरव.” काका खाली जाऊन चादर थोडी सारून लेथ बघून आले आणि त्या माणसाला म्हणाले, “नंतर या.” तो अधूनमधून येतो. काका अजून त्याला तेच सांगतात.