पंचफुला हसली, पण ताराचंदला

शहापूरचा परसराम बिडी कारखान्यात कामाला होता. बायकांनी घरी वळून आणलेल्या बिड्या तपासणारा एक चेकर तिथे होता. तो बिड्यांचा प्रत्येक कट्टा, म्हणजे जुडी, डोळ्यांजवळ नेई, नाक मुरडी आणि निम्म्या बिड्या छाट म्हणून बाजूला टाकी. एकाहत्तर सालच्या जयंतीच्या कार्यक्रमात परसरामने माईकसमोर उभं राहून त्याची हुबेहूब नक्कल केली. ज्यांच्या बिड्या रोज छाटल्या जायच्या त्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. चेकर समोरच बसला होता, त्यालाही हसावं लागलं.

तिथून परसराम नकलाकार झाला. गणपतीत, नवरात्रातल्या शारदेत, दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत त्याला बोलावणं येऊ लागलं. तो एकटाच स्टेजवर उभा राहायचा. भाषण विसरलेला सरपंच, सासरी रुसलेला जावई, खचाखच भरलेल्या एस्टीतला कंडक्टर, सगळे त्याच्या एकट्याच्या तोंडून बोलायचे. रस्त्याने जाताना पोरं त्याला कंडक्टरच्या आवाजात हाक मारत आणि त्याला ते फार आवडे.

त्याची बायको पंचफुला पवनीकडची. तीही बिड्या वळायची. प्रत्येक कार्यक्रमाला ती यायची, बायकांत पुढे बसायची आणि एकदाही हसायची नाही. परसरामच्या ते लक्षात यायचं. हिचा स्वभावच तसा, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

ती समजूत वरठीला मोडली. तिथल्या रेल्वेवाल्यांच्या गणपतीत एका साली दोन नकलाकार बोलावले होते. परसरामचा कार्यक्रम आधी झाला, टाळ्याही भरपूर पडल्या. मग पवनीचा ताराचंद उभा राहिला. हा धंद्याने शिंपी, अंगाने किडकिडीत, बोलणं एकदम सावकाश. कोंबडी काखेत धरून डोंग्यातून वैनगंगा पार करणारी आपली सासू त्याने उभी केली. परसराम स्टेजच्या कडेला उभा होता. त्याने पाहिलं, पंचफुलाने पदर तोंडात कोंबला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून गदगदत होती.

सायकलवरून घरी येताना कॅरिअरवर बसलेली पंचफुला मध्येच त्या कोंबडीच्या आठवणीने पुन्हा हसली. परसराम पायडल मारत राहिला.

त्या दिवसापासून ताराचंद त्याच्या डोक्यात शिरला. शेजारच्या खुशालने पवनीच्या शिंप्याकडून सदरा शिवून आणला, तर परसरामने त्याच्याशी बोलणं कमी केलं. ताराचंदसारखं सावकाश बोलून पाहिलं, तर लोक खोकायला लागले. शेवटी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढून तो ताराचंदचे कार्यक्रम चोरून पाहायला जाऊ लागला. एकदा न राहवून त्याने पंचफुलाला विचारलंच, माहेराकडची तुझी त्याची ओळख होती का? तिने सांगितलं, वरठीला तुमच्याचसंगं पहिल्यांदा पाहिला. मग ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

अशाच एका मंडईत कोणीतरी त्याला ताराचंदची बायको दाखवली. सुशीलाबाई पुढच्याच रांगेत होती. आजूबाजूच्या बायका लोटपोट होत होत्या आणि ही ताठ बसलेली. कोंबडी आली, सासू आली, हिचा ओठ हलला नाही. परसरामला इतका आनंद झाला की बाकीचा कार्यक्रम सोडून तो तडक घरी आला.

पंचफुला मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती.

"त्याची बायको एकदाबी हासली नाई," तो म्हणाला. "सगळे हासून राहिले, अन् ते निस्ती बसून."

पंचफुलाचे हात थांबले. "ते कुठं पाहून राहिली होती? त्याच्याकडं, का लोकायकडं?"

परसरामने आठवून पाहिलं. "लोकायकडं."

"मंग हासन कशी? लोक हासले नाई त नवऱ्याचं काय होईन, हेच तिच्या जिवाले लागलं असन. तुमी उभे रायता तवा माह्यं ध्यान लोकायच्या तोंडाकडंच रायते. तुमी काय बोलता ते मले आयकूबी येत नाई. ताराचंद पडला का उभा रायला, मले काय त्याचं? म्हणून हासते."

दोन दिवस त्याला बरं वाटलं. मग जुनंच दुखणं दुसऱ्या बाजूने उठलं. काळजी आपल्या वाट्याला आणि हसू ताराचंदच्या, हा कुठला न्याय? त्याने तिला स्टेजच्या मागे बसवून पाहिलं. तिथे लोकांची तोंडं दिसत नव्हती, तर ती जास्तच घाबरली.

पुढे तंबाखूच्या धुळीने परसरामची छाती भरली. शहाऐंशी साली गावातच नक्कल करताना खोकल्याने त्याला थांबवलं आणि त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही. ताराचंदचं चालूच होतं. पंचफुला कार्यक्रमाला चला म्हणायची, आणि तिला एकटीला तिकडे पाठवणं परसरामला मंजूर नव्हतं. म्हणून दोघं शेजारी शेजारी बसत. ती पोट धरून हसे. तो ताराचंदच्या चुका शोधत बसे.

सायकलवरून परतताना तो त्या सगळ्या सांगे. सासूचा आवाज आता पहिलेसारखा राहिला नाही, कोंबडी फार लांबली, शेवट घाईत केला. पंचफुला हो म्हणे. चढ लागला की ती खाली उतरून चालू लागे, म्हणजे त्याला धाप लागू नये. तोही उतरून सायकल हाती धरी आणि बोलत राही.