पिशवीवरचा चेहरा

केबिन रोडवरच्या फरसाणवाल्याने दुकानाला एका हुतात्म्याचं नाव दिलंय, वर कागदी पिशव्यांवर त्याचा चेहराही छापलाय. आमच्या बिल्डिंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे काका मला तिथेच भेटतात. शेव संपली की ते पिशवीवरचा चेहरा अलगद फाडून खिशात ठेवतात. मला ते आधी चक्रमच वाटायचे.

“फासावर गेलेला माणूस आहे हो. लोकांच्या पायाखाली कसा येऊ द्यायचा?”

परवा त्यांचं पार्सल द्यायला वर गेलो. घरात एकटेच होते. टेबलावर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ते तेलकट चेहरे नीट रचून ठेवलेले.

“एवढ्यांचं करणार काय, काका?”

“मी आहे तोवर सांभाळतोय. मग काय, रद्दीवाला सगळंच नेईल.”

हे म्हणताना ते भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे बघत होते.