हरीश पांगारकरचं मत

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या पुढे रेल्वेची दोन स्टेशनं सोडली की आल्टेनरीड लागतं. गावात एक चर्च आहे, दोन बेकऱ्या आहेत आणि एक बेसबॉलचा संघ आहे. या तिसऱ्या गोष्टीचं गावातल्या निम्म्या लोकांना अजूनही आश्चर्य वाटतं. फुटबॉलच्या मैदानापलीकडे, बिअरसाठीच्या हॉप्सच्या वेलींच्या मळ्याला लागून बेसबॉलचं मैदान आहे. बॅटर उभा राहतो त्याच्या मागे उंच जाळी आहे आणि जाळीच्या मागे एक लाकडी बाक. बाकावर बसायला तिकीट लागत नाही. मत मात्र लागतं.

हरीश पांगारकर या बाकावर सहा मोसम बसला. वय बावन्न, मूळचा पुण्याचा, नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. दरवाजे, सीट, डॅशबोर्ड यांतून जे नको ते आवाज येतात, ते कुठून येतात हे शोधून काढायचं, हे त्याचं काम. चाचणीच्या गाडीत डोळे मिटून बसायचं आणि ऐकायचं. ऑफिसात दिवसभर कोणी फारसं बोलत नाही, कारण बोललं की आवाज होतो. त्यामुळे रविवारचा बाक त्याला प्यारा होता. तिथे सगळे एकाच वेळी बोलायचे.

सगळे म्हणजे मुख्यतः दोघं. गेरहार्ड, निवृत्त पोस्टमन, आवाज मोठा, ऐकू कमी. आणि गाबी, गावातल्या सलूनची मालकीण, जिला संघातल्या प्रत्येक खेळाडूचं डोकं आतून-बाहेरून माहीत होतं. संघ बव्हेरियातल्या खालच्या लीगमध्ये खालून दुसरा होता, त्यामुळे चर्चेला विषयांची टंचाई कधीच पडली नाही. फर्स्ट बेसवरचा मुलगा झोपलेला आहे का, बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवायचा तो बंट करायला कोणी सांगितलं, कोच माइकला डोळे आहेत की नाहीत.

या वादात शेवटचा शब्द हरीशचा असायचा.

"टोबीचे चेंडू वर जायला लागले," तो शांतपणे म्हणायचा. टोबी हा संघाचा पिचर, म्हणजे गोलंदाज. "हात थकला की चेंडू वर जातो. माइकने त्याला एक इनिंग आधीच काढायला हवा होता."

पुढचा बॅटर तोच चेंडू उचलून हॉप्सच्या वेलींत घालवायचा. गेरहार्ड हरीशकडे, डॉक्टरांनी निदान अचूक केल्यावर पेशंट बघतो तसा बघायचा. "गेनाऊ," म्हणायचा. "अगदी हेच. क्रिकेटच्या देशातला माणूस आहे, त्याला चेंडू कळणारच."

क्रिकेटमध्ये हरीश कॉलेजच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या संघाचा बारावा गडी होता. हे त्याने बाकावर कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नव्हतं.

मतं यायची ती घरून. त्याची बायको ऊर्मिला जळगावची. शाळेत असताना महाराष्ट्राकडून सॉफ्टबॉल खेळलेली, चार वर्षं कॅचर. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवी बसून अख्खं मैदान समोरून बघणारी. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा सख्खा भाऊ. आल्टेनरीडला राहायला आल्यावर ती क्लबच्या लहान मुलांना शिकवायला लागली. रविवारी मुलांचा सराव संपला की मोठ्यांचा सामना दुरूनच वीस-पंचवीस मिनिटं बघायची आणि संध्याकाळी कणीक मळता मळता त्याची चिरफाड करायची. हरीश ऐकायचा. ऐकणं हा त्याचा व्यवसायच होता. पुढच्या रविवारी ते सगळं, थोडं सावकाश आणि थोडं मीठमसाला लावून, बाकावर जायचं.

यात फसवणूक आहे असं त्याला कधी वाटलं नाही. नवरा-बायकोत मत कोणाचं, याचा हिशेब कोण ठेवतं?

जूनमध्ये माइकची बदली झाली आणि तो गाव सोडून गेला. मोसम अर्धा उरला होता. क्लबच्या खोलीत बैठक भरली. अध्यक्षांनी विचारलं, "उरलेल्या मोसमासाठी कोण करतं?" सहा वर्षं माइकला अक्कल शिकवणारे सगळे जण आपापल्या ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती न्याहाळू लागले. जर्मन क्लबचा हा अलिखित नियम आहे: जो तोंड उघडेल त्याच्या गळ्यात काम. ऊर्मिला बैठकीला आली होती ती मुलांच्या हेल्मेटबद्दल विचारायला. ती म्हणाली, "आल्झो, बरं तर, कोणीच करत नसेल तर मी करते."

हात वर करून मतदान झालं. हरीशनेही हात वर केला. खाली आणता आणता त्याच्या लक्षात आलं की काहीतरी झालंय.

काय झालंय ते गुरुवारी कळलं. तो भाजी चिरत होता.

"रविवारी टोबीच टाकणार का?" त्याने सहज विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"अहो, बघू म्हणजे बघू. संघातलं घरात नाही."

"मी काय घरात बाहेरचा आहे?"

"तुम्ही बाकावरचे आहात," ऊर्मिला म्हणाली. "आमच्या जळगावच्या सरांच्या बायकोला संघ आमच्या आधी कळायचा. हळदीकुंकवाला गेलं की बायका सांगायच्या, तुझी पोरगी राखीव आहे म्हणून. मी तेव्हाच ठरवलं होतं."

"तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस."

"म्हणून नीट लक्षात आहे. भेंडी फार जाड चिरताय."

रविवारी हरीश बाकावर गेला तो शिदोरी न घेता निघालेल्या माणसासारखा. पण त्या दिवशी कोणाला त्याच्या मताची गरजच पडली नाही. संघ सपाटून हरला आणि बाकावर शांतता होती. गेरहार्ड आपल्या कुंपणाच्या झाडांबद्दल बोलला. गाबी दोनदा म्हणाली, "छान कोचिंग आहे हं." सहा वर्षांत त्या बाकावर कोचसाठी 'छान' हा शब्द कोणी वापरला नव्हता. हरीशला लक्षात यायला वेळ लागला नाही: कोच आता त्याची बायको होती, आणि त्याच्या शेजारी बसून तिला नावं ठेवायची कशी, या संकोचाने दोघांची तोंडं शिवली गेली होती.

तीन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी गेरहार्ड आपला थर्मास घेऊन पलीकडच्या, थर्ड बेसकडच्या उतारावर जाऊन बसला. "ऊन फार आहे इथे," म्हणाला. आभाळ आलेलं होतं. थोड्या वेळाने तिकडून त्याचा मोठा आवाज ऐकू आला. तो कोणाला तरी सांगत होता की बाईने बंट उगीच करायला लावला.

हरीश त्या बाजूला बघत बसला. दहा वर्षं या देशात काढून त्याने एकच जागा मिळवली होती, जिथे लोक त्याच्याशी जपून बोलत नव्हते. आता तिथेही जपून बोलायला लागले होते. आणि यातून सुटायचा एकच मार्ग होता. कोचला पहिली शिवी बाकावरून त्यानेच द्यायला हवी. मग बाकीच्यांना मोकळं वाटलं असतं.

अडचण अशी की शिवी द्यायलाही मत लागतं, आणि मताचा पुरवठा बंद होता.

त्याने मेहनत घेतली. आठवडाभर रात्रीच्या जेवणानंतर मोबाइलवर अमेरिकन समालोचक ऐकले. पुढच्या रविवारी गेरहार्डला आग्रहाने बोलावून बाकावर बसवलं आणि म्हणाला, "यांची अडचण अशी आहे, की चेंडू बॅटवरून किती अंशांच्या कोनात उडतो, याचा विचार कोच करत नाही."

गेरहार्डने मैदानाकडे बघितलं. "हरीश, त्या पोराची बॅट चेंडूला लागत नाहीये. कोन कसला मोजतोस?"

त्यानंतर आला लिंडाखविरुद्धचा सामना. हा जिंकला तर संघ लीगमध्ये टिकणार होता, हरला तर आणखी खालच्या लीगमध्ये जाणार होता. त्या लीगचे सामने शनिवारी सकाळी होतात आणि शनिवारी सकाळी गाबीचं सलून उघडं असतं, त्यामुळे बाकाचंही भवितव्य त्यावर होतं. सामना सात इनिंगचा. सहावी इनिंग चालू होती, आल्टेनरीड पाच विरुद्ध चार अशा एका रनने पुढे, आणि लिंडाखचे दोन धावपटू बेसवर उभे. टोबी पहिल्यापासून टाकत होता.

हरीश नुकताच सॉसेज-पाव घेऊन परतला होता. खात खात त्याने डोळे मिटले. ही ऑफिसची सवय. आणि त्याला ऐकू आलं.

चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसला की फट्ट आवाज येतो. पहिल्या इनिंगपासून तो तसाच कोरडा, टणक येत होता. आता येत होता धप्प. परत एकदा धप्प. उशीत पडल्यासारखा. एवढा फरक ओळखण्यासाठी कंपनी त्याला पगार देत होती. चेंडूतला जोर गेला होता. टोबी संपला होता.

त्याला आत कुठेतरी लख्ख वाटलं. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"टोबी थकलाय," तो म्हणाला. "तिने त्याला काढायला हवा. आत्ता."

गाबी आणि गेरहार्डने एकमेकांकडे बघितलं.

"चेंडू तर खालीच येतायत," गाबी चाचरत म्हणाली.

"चेंडू बघू नका, आवाज ऐका! इथे बसून मला कळतंय आणि तिला तिथे उभं राहून कळत नाही म्हणजे काय? काय कोच आहे का कोण आहे!"

ऊर्मिला मैदानात पिचरकडे चालत गेली. टोबीशी काहीतरी बोलली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि तशीच परत फिरली. हरीशला राहवेना. तो उठून जाळीला चिकटला आणि मराठीत ओरडला, "अगं ऊर्मिला, काढ त्याला! गेला तो!"

पंचाने वळून बघितलं. ऊर्मिलाने बघितलं नाही.

टोबीने पुढचे तीन चेंडू टाकले. बॅटरने तीनदा बॅट फिरवली आणि तीनदा हवेत. आऊट. त्यानंतरच्यानेही तेच केलं. इनिंग संपली. मैदानभर टाळ्या पडल्या. फलकावरचे आकडे बदलायचं काम हरीशची मुलगी अपूर्वा करायची. ती तिथूनच बापाकडे बघून ओरडली, "पापा, क्वाच!" म्हणजे मूर्खपणा. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्येच यायचं.

हरीश हळूहळू बाकावर येऊन बसला. गेरहार्डला हसू आवरत नव्हतं. गाबीने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं.

"हे मात्र तुझं स्वतःचं वाटतंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे याआधीचं नव्हतं. हरीश, तुझी बायको केस कोणाकडे कापते?"

"तुझ्याकडे," हरीश म्हणाला.

"सामन्याबद्दल तू रविवारी जे बोलायचास," गाबी म्हणाली, "ते मी कधी कधी आदल्या शनिवारीच ऐकलेलं असायचं. शब्दसुद्धा तेच."

"सहा वर्षं?"

"साडेपाच. आधी ती दुसरीकडे कापायची."

"आणि तू बोलली नाहीस?"

"कशाला? ती दोन वाक्यांत संपवते. तू इनिंगभर पुरवायचास."

गेरहार्डला यातलं निम्मं ऐकू आलं होतं, पण निम्मं त्याला पुरलं. "म्हणजे क्रिकेटचं वगैरे काही नाही?"

"बारावा गडी होतो," हरीश म्हणाला.

"म्हणजे बाकावरच!" गेरहार्डने मांडीवर थाप मारली. "मग बरोबर आहे. आता माझं ऐक. तुझं आवाजाचं खूळ सोड. पण तुझ्या बायकोने चौथ्या इनिंगमध्ये तो बंट करायला नको होता."

"अजिबात नको होता," गाबी लगेच म्हणाली. "इतके आठवडे मी हे पोटात ठेवलंय. ती बंटच्या प्रेमात आहे."

"अहो, पण धावपटू पुढे न्यायचा कसा मग?" हरीश म्हणाला.

"बॅटने!" दोघं एकदम ओरडले.

सातवी इनिंग ते असेच भांडत राहिले. हरीश जे बोलला त्यातलं बहुतेक चूक निघालं. फर्स्ट बेसवरच्या मुलाला पुढे घ्यायला हवं असं तो म्हणाला आणि पुढचाच चेंडू नेमका तो मुलगा उभा होता तिथे आला; पुढे घेतला असता तर त्याच्या मागे पडला असता. गाबीने ते त्याला मोजून दाखवलं. सामना आल्टेनरीडने जिंकला, पाच विरुद्ध चार, आणि त्याचं श्रेय कोणाला द्यावं यावर बाकाचं एकमत झालं नाही.

सामन्यानंतर क्लबच्या खोलीबाहेरच्या लांब टेबलाशी सगळे बसतात. कोचनेही तिथे बसायचं आणि लोकांचं ऐकून घ्यायचं, अशी पद्धत आहे. ऊर्मिला आली, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि जर्मनमध्ये विचारलं, "सहाव्या इनिंगमध्ये टोबीला काढा म्हणून कोण ओरडत होतं?"

दोन बोटं हरीशकडे वळली.

"का पण?" तिने मराठीत विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ग्लोव्हचा आवाज बसला होता," हरीश म्हणाला. "आधी फट्ट यायचा, मग धप्प यायला लागला. म्हटलं, जोर गेला."

ऊर्मिला हसायलाच लागली. "अहो, पाचव्या इनिंगनंतर कॅचरच्या ग्लोव्हची वादी तुटली. मी त्याला क्लबचा जुना ग्लोव्ह दिला. आतली गादी पार फुगलेली आहे त्याची. तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"सॉसेज आणायला."

तिने ते टेबलाला जर्मनमध्ये सांगितलं. टेबल हादरलं. गेरहार्डला दोनदा सांगावं लागलं आणि तो दोन्ही वेळा हसला.

"पण आवाज बदलला होता हे खरं ना?" हरीश म्हणाला.

"हो," ऊर्मिला म्हणाली. "ते खरं. मैदानात आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही."

"बरं, आल्झो," गेरहार्डने डोळे पुसत विचारलं, "टोबी खरंच थकला की आवाज कसा येतो मग?"

हरीशने विचार केला. "माहीत नाही. पुढच्या रविवारी ऐकून सांगतो."

"पुढच्या रविवारी टोबी नाहीये," गाबी म्हणाली. "त्याच्या बहिणीचं लग्न आहे. सकाळीच सगळ्यांचे केस माझ्याकडे आहेत."

मग तिघांनीही मान वळवून कोचकडे बघितलं.

"टाकणार कोण?" हरीशने विचारलं.

"बघू," ऊर्मिला म्हणाली.

"ल्युकास नको," गेरहार्ड म्हणाला.

"ल्युकासच हवा," हरीश म्हणाला. ल्युकासला त्याने आजवर एकदाच टाकताना बघितलं होतं, तेही सरावात. पण तो पुढे सरकून बसला आणि का ते सांगायला लागला.