मागच्या पानापासून

गारगोटीच्या स्टँडवर एसटी सुटायच्या वेळी आबांनी खिडकीतून त्या दिवशीचा पेपर माझ्या हातात कोंबला. "मागनं वाच. आधी कोण गेलं ते बघावं, मग बाकीचं." निरोपाला दुसरा बाप काहीतरी गोड बोलला असता. आबा मात्र रोज पेपर निधनवार्तांपासून सुरू करायचे, रक्षाविसर्जन किती वाजता ते बघायचे आणि ओळखीचं कुणी असलं की लगेच सायकल काढायचे.

सिंगापूरला आले आणि पेपर सुटला. मग फीड रीडर घेतला, म्हणजे आपण निवडलेल्या सगळ्या साइटच्या बातम्या एकाच जागी दाखवणारं ॲप. त्यात कोल्हापूरची दैनिकं भरली. तो रीडर वर्षभरात बंद पडला. यादी उचलून दुसऱ्यात नेली. हा फारच हुशार निघाला. मी कुस्तीच्या आणि मिसळीच्या बातम्या उघडते हे हेरून त्याने तेवढंच वर आणायला सुरुवात केली. मीही खुशाल तेच वाचत राहिले.

शेजारच्या शांताकाकूंनी मला सायकल शिकवली होती, सीट धरून अख्खी गल्ली पळत. त्या गेल्याचं मला आठवड्याने फोनवर कळलं.

"पेपरात आलतं की," आबा म्हणाले. "तू वाचत न्हाईस व्हय?"

ॲपला शिव्या घालून मोकळी झाले असते, पण मागच्या पानाकडे पाठ मीच फिरवली होती. फार लाज वाटली. त्याच दिवशी रीडर बदलला. तिसरा अगदी साधा घेतला, स्वतःची अक्कल न चालवता आलेली प्रत्येक ओळ क्रमाने दाखवणारा. निधनवार्तांचा कप्पा सगळ्यात वर ठेवला. इथल्या मैत्रिणी म्हणतात, सकाळी सकाळी कॉफीबरोबर हे काय वाचतेस? हसू देत बापड्या.

यंदा स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी त्या कप्प्यात एक नाव दिसलं. बापू. बिद्रीच्या साखर कारखान्यात आबांबरोबर उमेदीची वर्षं काढलेले. रक्षाविसर्जन आज सकाळी नऊ वाजता. त्या दिवशी छापील पेपरला सुट्टी असते आणि आबांचा मोबाईल फक्त बोलण्यापुरता. मी तसाच फोन लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं.

आबा म्हणाले, "ठिव फोन. निघतो."

दुपारी त्यांचाच फोन आला. "गाठ पडली समद्यांची. बापूच्या पोरानं ईचारलं, आज पेपर न्हाय, कसं कळलं? म्हटलं, आमच्या पोरीनं सांगितलं सिंगापूरहून. तुझ्या नावाचीबी दोन फुलं वाह्यली."

माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनो, मला विचाराल तर आता घर म्हणजे ते, जिथलं माणूस गेलेलं आपल्याला त्याच सकाळी कळावं लागतं, आणि आपण पोचलो नाही तरी आपली दोन फुलं कुणीतरी घेऊन जातं.