दुसरी हाक

आमच्या सौभाग्यवतीच्या मामांइतके महागडे कान अख्ख्या पोलादपूर तालुक्यात कुणाचे नसतील. मामा निवृत्त मास्तर, कापड्याला भातशेतीच्या कडेला घर. त्या घराच्या माजघरात जे स्पीकर आणि अँप्लिफायर उभे आहेत, त्यांच्या किमतीत दारात गाडी उभी राहिली असती. मामा मात्र अजून एसटीनेच महाडला येतात. स्पीकर मुंबईहून आणले त्या दिवशी वीर स्टेशनवरून रिक्षाच्या मागच्या सीटवर दोन्ही खोकी ऐसपैस बसली आणि मामा पुढे ड्रायव्हरला चिकटून. "काय हाय ह्यात, फ्रीज?" त्याने विचारलं. "कान," मामा म्हणाले. बिचारा घर येईपर्यंत आरशातून खोक्यांवर नजर ठेवून होता.

माजघरात भिंतींना गोधड्या टांगलेल्या, कोपऱ्यांत भाताची पोती, कारण पोत्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. मधोमध एक खुर्ची. तिच्यावर पाहुण्याला बसवून मामा त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरतात आणि न्हाव्यासारखं बोटभर सरकवतात. पंखा बंद. चिवडा मिळत नाही, कारण तो कुरकुरतो. मामींच्या बांगड्यांवरही एकदा आक्षेप आला होता, "मग हात काढून ठेवू काय?" एवढं विचारून मामींनी तो विषय मिटवला. मी साध्या रेडिओवर सुखी असणारा माणूस. आवाजात एवढे पैसे घालणं म्हणजे मला शुद्ध खूळ वाटायचं आणि तसं मी तोंडावर सांगायचो. मामा नुसते हसायचे.

बरं, एवढ्या यंत्रावर ऐकायचं काय, तर एकच कॅसेट. मामांच्या तरुणपणी घरच्या गणपतीपुढे झालेलं भजन, वाडीतल्या एका मुंबईकराने हौसेनं टेप केलेलं. पखवाजावर स्वतः मामा. साध्या टेपवर नुसता टाळांचा गोंगाट. इथे मात्र माणसं येऊन बसतात. "हे नाना, दाराशी. खोकले बघा. त्यांच्या मागे गोविंदा." मामा बोट दाखवत जातात आणि आपण नकळत पाय आखडून घेतो. त्यांतलं आता मामांखेरीज कुणी हयात नाही. कॅसेट चालू असताना मामी पाण्याचा तांब्यासुद्धा भिंतीकडेनं वळसा घालून नेतात.

हे सगळं कशासाठी, ते मला गेल्या गणपतीत मामींकडून कळलं. "सदाभावजींची हाक हाय त्यात," त्या म्हणाल्या. सदा हा मामांचा धाकटा भाऊ. भजनाच्या त्या संध्याकाळी तो ओढ्यापलीकडे म्हैस आणायला गेला होता. दोन अभंगांच्या मध्ये मामांना "दादा" अशी लांबून हाक ऐकू आली. आमच्याकडे तिन्हीसांजेला एका हाकेला ओ देत नाहीत. भूत एकदाच हाक मारतं, माणूस पुन्हा मारतो. मामा दुसऱ्या हाकेसाठी थांबले आणि तेवढ्यात गजर सुरू झाला. सकाळी सदा ओढ्याच्या खालच्या अंगाला बुडालेला सापडला. "दुसरी हाक आलीच नसंल तर ह्यांचा काय दोष नाय," मामी म्हणाल्या. "तेवढंच ऐकायचं हाय त्यांना."

यंदा नवा अँप्लिफायर आला. पण एव्हाना मामांचे स्वतःचे कान मंदावले होते. म्हणून दिवेलागणीला त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि डोकं सरकवलं. अभंग संपला. "दादा." हाक परसातून आल्यासारखी स्वच्छ आली. मग टाळ कडाडले, आणि त्या टाळांच्या खालून, पहिल्यापेक्षा जवळून, पुन्हा, "दादा."

मामा माझ्याकडे बघत होते. "दुसरी आली?"

"नाही," मी म्हणालो.

"जावईबापू," मामा शांतपणे म्हणाले, "तुमच्या हातावर काटा आलाय."

मी हात झाकला, पण उशीर झाला होता. मामा उठले, स्पीकरकडे तोंड केलं आणि बांधावरून द्यावी तशी मोठ्यानं ओ दिली, "ओ, आलो रे सदा." आत मामींची विळी थांबली. कॅसेट चालूच होती, आणि तिच्यात तरुण मामा पखवाज वाजवत होते, अगदी रंगात येऊन. मला ते ऐकवेना. त्या म्हाताऱ्या माणसाला पोटाशी धरावंसं वाटलं, पण तेवढा धीर झाला नाही. मी नुसता बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," मामा म्हणाले. "तिसरी आली तर सांगा."

मी परत खुर्चीत बसलो.