काजळीचा बालाजी

धारच्या काकूंशी माझं नातं काही नव्हतं. देवासला आमच्या शेजारी त्यांची भाची राहते. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि देवांची तैलचित्रं काढून देते, असं तिनं त्यांना सांगितलं होतं. काकूंच्या देवघरातलं कुलस्वामी बालाजीचं जुनं चित्र वाळवीनं खाल्लं होतं, आणि बाजारातला छापील फोटो त्यांना नको होता.

इंदूरला बस बदलून मी धारला गेले, रंगांची पेटी घेऊनच. काकूंनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. तेल जवसाचं आहे म्हटल्यावर खूश झाल्या. त्यांच्या शेतात पूर्वी जवस व्हायचा. मग त्यांनी विचारलं, "हा ब्रश कशाच्या केसांचा?"

नायलॉनचा म्हटलं असतं तर त्यांना कुठं कळणार होतं? पण त्या इतक्या सरळ बघत होत्या, की मी सांगून टाकलं. ब्रश डुकराच्या केसांचा, आणि काळा रंग जाळलेल्या हाडांचा.

काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, काम गेलं. मनातून मी जरा चिडलेही होते. रंग तो रंग, त्यात सोवळं कसलं? त्या चहा घेऊन आल्या. तो पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "दिव्याची काजळी चालेल का गं?"

चालते, मी म्हटलं, फक्त तेलात ती वाळायला फार दिवस घेते.

"घेऊ दे. मला घाई नाही."

पुढचे दोन महिने त्या रोज संध्याकाळच्या दिव्यावर पितळी वाटी धरत होत्या. औषधाच्या बाटलीत भरलेली ती काजळी भाचीनं मला आणून दिली. मी काचेवर तेलात ती घोटली. ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा हा काळा मऊ होता, किंचित निळसर. नायलॉनचे नवे ब्रश मात्र हाताला बसेनात, त्यात बरेच दिवस गेले.

चित्र अर्धं झालं तेव्हा काकू देवासला बघायला आल्या. बालाजीचा डावा हात मी नुसता शोभेसाठी कमरेवर ठेवला होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"उजवा हात पावलं दाखवतो ना? मग डावा खाली, गुडघ्याकडे हवा. माझ्या पायाशी आलास तर भवसागर एवढाच आहे, गुडघाभर, असं सांगतोय तो." मग म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मी वर्षभर त्या हाताकडेच बघत होते."

त्यानंतर तो हात मी तीनदा पुसून पुन्हा काढला.

आश्विनातल्या नवरात्रात चित्र धारच्या देवघरात गेलं तेव्हा काळा रंग ओलाच होता. हात लावू नका, असं मी बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. सवयीनं पायांवर बोटं टेकली गेली होती. आवाज अपराधी होता. मी रंग घेऊन गेले. डाव्या पावलावर तीन बोटं स्पष्ट उमटली होती. मी ब्रश बुडवला, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. कुणीतरी इथं टेकलं होतं, एवढं दिसलं तर काय बिघडलं?"

चित्रकार म्हणून तो डाग मला आजही खुपतो. पण मी ब्रश पुसून ठेवला आणि त्यांच्याबरोबर आरतीला उभी राहिले.