सिस्टर आणि चढावर रुसणारी गाडी

निवृत्त होऊन घरी आली त्याच आठवड्यात सिस्टरने मागच्या अंगणातल्या शेडचं कुलूप तोडलं. किल्ली कुठे गेली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आत ताडपत्रीखाली वडिलांची गाडी होती, दोनच सीटची, बिनटपाची, हिरवी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. वडिलांनी ती मोठ्या हौसेने घेतली आणि तिच्यापायी जन्मभर बोलणी खाल्ली. ते गेल्यावर तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सीटच्या फोममध्ये उंदरांनी संसार थाटला होता.

"भंगारवाल्याला बोलावतो," टेकडीवर राहणारा थोरला भाऊ फोनवर म्हणाला. "हे काय वय आहे तुझं गाड्या दुरुस्त करायचं?"

"दादा, निवृत्त मी झालेय. माझे हात नाही झाले."

उभं आयुष्य तिने ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढलं होतं. सर्जनने हात पुढे करायच्या आत त्यात नेमकं हत्यार ठेवणारी म्हणून तिची ख्याती. घरात मात्र साधा फ्यूज उडाला तरी सगळे दादाची वाट बघत बसायचे. हे तिला कायम सलायचं.

शेडमध्ये तिने टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि खोललेला प्रत्येक नटबोल्ट ओळीने मांडायला सुरुवात केली. गाडीने पहिल्याच दिवशी इंगा दाखवला. घरातला एकही पाना बसेना. पाने सगळे मिलिमीटरचे आणि गाडी इंचांची. शेवटी नाक्यावरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी आपला जुना इंची संच काढून दिला.

"सिस्टर, हिचे दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढायला हवेत," ते म्हणाले. "आम्ही रबरी नळी कानाला लावून ऐकतो."

सिस्टर आत गेली आणि चकती काढलेला स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून बाहेर आली. मिस्त्री हसून हसून बेजार झाले. पण एका कार्ब्युरेटरची फुसफुस दुसऱ्यापेक्षा मोठी आहे हे तिला लगेच कळलं. स्क्रू किंचित इकडे, किंचित तिकडे फिरवत तिने दोघांचा सूर जुळवला.

वायरिंगने मात्र नाकी नऊ आणले. डावा सिग्नल दिला की हेडलाइट डोळे मिचकावायचे, ब्रेक दाबला की हॉर्न केकाटायचा. "अंगात आलंय गं हिच्या," आई खिडकीतून म्हणायची. सिस्टरने वायरींची गंजलेली टोकं एकेक करून घासून लख्ख केली, तेव्हा कुठे गाडी ताळ्यावर आली. वाकडंतिकडं झालेलं पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून तिने नवं, चकचकीत बसवलं. एके सकाळी इंजिन धडधडलं आणि समोरची खिडकी न् खिडकी उघडली.

आता टेकडी चढून दादाच्या दारात जायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. पण अर्ध्या चढावर गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. दादा जीप घेऊन आला, दोर बांधला आणि गाडी घरापर्यंत ओढत नेली. पुन्हा दादाचीच वाट बघावी लागली, हे तिला जास्त झोंबलं.

सिस्टरने प्लग तपासले, कॉइल बदलली, फिल्टर साफ केला. अंगणात गाडी तासन्‌तास चालायची आणि चढावर नेली की हटकून रुसायची. दुसऱ्यांदाही तेच झालं. मिस्त्रींनीही हात टेकले.

तिसऱ्या खेपेला आई हट्टाने शेजारी बसली. डोक्याला स्कार्फ, मांडीवर शाल. "ढकलायची वेळ आली तर मी नुसती बसून राहीन हं," तिने आधीच बजावलं.

अर्धा चढ झाला आणि इंजिन पुन्हा गचकलं. मागून पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपाची टकटक येत होती, घाईघाईची, घाबरल्यासारखी. काटा बिघडलेला होता, म्हणून टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल बघावं असं सिस्टरने ठरवलं. तिने झाकण फिरवलं मात्र, सुस्सकन् हवा आत गेली.

ती जागीच थबकली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पूर्वी सलाईनच्या काचेच्या बाटल्या असत. बाटलीत हवेची सुई टोचायची राहिली की आत पोकळी धरायची आणि थेंब पडायचे थांबायचे. नव्या झाकणाला हवेचं भोकच नव्हतं! आणि अंगणात काम करताना ती पेट्रोल मोजायला झाकण सारखं उघडत होती, म्हणून तिथे कधी काही बिघडलंच नव्हतं.

"आई, सापडलं! ही गुदमरत होती गं!"

"मग घेऊ दे की तिला श्वास," आई म्हणाली.

तिने चावी फिरवली. टकटक मंदावली, इंजिन गरजलं. थोडं अंतर गेलं की आई फर्मान सोडायची, "थांबव. उघड झाकण." सुस्स. "चल आता." अशी वरात थांबत, श्वास घेत वर निघाली. शेवटचं वळण घेताना सिस्टर चक्क मोठ्याने गात होती आणि आई हॉर्न बडवत होती.

दादा चप्पल न घालताच फाटकापर्यंत धावत आला. गाडीकडे बघत राहिला, मग बहिणीच्या काळ्या झालेल्या हातांकडे. त्याचे डोळे भरून आले. "बाबा असते तर..." एवढंच बोलून त्याने तिला जवळ घेतलं. मग हळूच म्हणाला, "एक चक्कर मारू दे ना मला."

"जरूर. आधी जुनं झाकण परत बसवायला..."

पण तोवर वहिनीने आईला हात धरून उतरवलं होतं आणि ती स्वतः सीटवर जाऊन बसली होती. एरवी नवऱ्यापुढे कधी अवाक्षर न काढणारी बाई. "तुम्ही सासूबाईंना चहा द्या," ती दादाला म्हणाली. "वन्सं, चला. उतारावर जरा जोरात घ्या."